सोसायटीच्या गच्चीवर जड कामात लॅपटॉपची बॅटरी किती पुरेल, हे स्क्रिप्टने कसं मोजायचं?

सेक्टर_नऊ_वाशी

मंडळी, वाशी, तुर्भे आणि कोपरखैरणे भागात जुन्या सोसायट्यांचं स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्या टीमसाठी १४ रिफर्बिश लॅपटॉप घ्यायचे आहेत. भिंती, छज्जे आणि गच्चीचे कठडे यांचे एका सेटला १४० फोटो काढायचे, तिथल्या तिथे कोलमॅपमध्ये (फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर) जोडायचे आणि कुठला भाग सुटला तर नाही ना ते बघायचं, असं काम आहे. सुटलेला भाग परांची उतरवायच्या आधी कळला तर पुन्हा फोटो घेता येतात, नंतर कळला तर सगळा खर्च नव्याने. गच्चीवर प्लग नसतो आणि मीटर रूमपासून वायर ओढायला प्रत्येक सोसायटी परवानगी देत नाही.

विक्रेता 'तीन तास बॅकअप' सांगतो, पण तो कमी ब्राइटनेसवर व्हिडिओ लावून मोजलेला आहे. आम्हाला सगळे कोअर चालू आणि उन्हात दिसेल इतका ब्राइटनेस असताना किती टिकतं ते हवंय. मशीन आय-फाइव्ह आठव्या पिढीची, १६ जीबी रॅम, १४ इंची. निम्म्यांवर उबुंटू, निम्म्यांवर विंडोज ११.

लोड म्हणून स्ट्रेस-एनजी (प्रोसेसरवर कृत्रिम ताण देणारा प्रोग्राम) चालवावं की खरं काम? बॅटरी संपून मशीन बंद पडलं तर शेवटचा लॉग हाती लागतो का? आणि १४ मशीनची तुलना नेमक्या कोणत्या आकड्यावर करायची?

---

वागळे_बेंच

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. 'किती तास चालला' हा आकडा जड कामात फसवतो. फॅन चोंदलेला किंवा थर्मल पेस्ट वाळलेला लॅपटॉप तापतो, प्रोसेसर स्वतःला आवरतो, वीज कमी ओढतो आणि म्हणून जास्त वेळ टिकतो. कागदावर तो चांगला दिसतो. काम मात्र त्याने कमी केलेलं असतं.

हिशोब करून बघा. दोन्ही मशीनमध्ये ४८ वॉट-तास शिल्लक आहेत असं धरा. पहिलं सरासरी २८ वॉट ओढतं आणि एक सेट ३३ मिनिटांत करतं. म्हणजे सेटमागे १५.४ वॉट-तास, चालतं १ तास ४३ मिनिटं, तीन सेट पूर्ण होतात. दुसरं तापून कधी ३ गिगाहर्ट्झ, कधी ८०० मेगाहर्ट्झ असं हेलकावे खातं, सरासरी १९ वॉट ओढतं, पण सेटला ५८ मिनिटं घेतं. सेटमागे १८.४ वॉट-तास. हे चालतं २ तास ३२ मिनिटं आणि सेट पूर्ण होतात दोनच. तुमच्या टीमला परांचीवर पहिलं मशीन हवं. तासांवर निवड केली असती तर दुसरं घेतलं असतं.

म्हणून लॉगमध्ये वेळ, ऊर्जा आणि झालेलं काम हे तिन्ही हवेत. तुलना 'सेटमागे वॉट-तास' आणि 'एका चार्जमध्ये पूर्ण सेट' यांवर करा. अर्धवट सेट शून्य धरा, कारण अर्ध्या सेटवरून सुटलेला भाग कळत नाही.

लोड: खरं काम. स्ट्रेस-एनजी सपाट लोड देतं. कोलमॅपमध्ये फोटोंतले ठळक बिंदू शोधणं आणि फोटो एकमेकांशी जुळवणं यात सगळे कोअर भरतात, पण पुढे मॉडेल उभं करताना लोड वरखाली होतो, काही वेळ एक-दोनच कोअर राबतात. हा उतार-चढाव सपाट लोडमध्ये येत नाही. स्ट्रेस-एनजी मी दुसऱ्या कामाला ठेवीन: २० मिनिटं चालवून थंडावा कुठे तुटतो ते बघायला.

कोलमॅपचा एक खोडा आधीच सांगतो. बिंदू शोधण्याचा टप्पा डेटाबेस फाइलमध्ये असलेले फोटो पुन्हा करत नाही. दुसऱ्या फेरीला ती फाइल तशीच राहिली तर फेरी झटकन संपते आणि सरासरी वाया जाते. प्रत्येक फेरीआधी डेटाबेस आणि निकालाचा फोल्डर दोन्ही पुसा. डिस्प्लेशिवाय टर्मिनलमधून चालवताना जीपीयू न वापरण्याचा पर्याय द्या, नाहीतर सुरुवातीलाच अडतं. शिवाय या सॉफ्टवेअरमध्ये यादृच्छिक निवड असते, त्यामुळे एकाच मशीनवर दोन फेऱ्यांचा वेळ थोडा वेगळा येणारच. एका फेरीवरून निकाल देऊ नका.

आता उबुंटूवरची स्क्रिप्ट. नावं उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना रोमन लिपीत आणि जोडरेषेऐवजी अंडरस्कोअर घाला.

बॅटरीची माहिती 'सिस' फोल्डरमध्ये, त्यात 'क्लास', त्यात 'पॉवर-सप्लाय', त्यात 'बॅट०' किंवा 'बॅट१' इथे असते. चाचणी सुरू करण्याआधी 'एनर्जी-फुल', 'एनर्जी-फुल-डिझाइन' आणि 'सायकल-काउंट' एकदा लिहून ठेवा. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की बॅटरीचं उरलेलं आरोग्य कळतं. उदाहरणार्थ ५७ पैकी ४४ वॉट-तास म्हणजे ७७ टक्के. सायकल-काउंट शून्य दिसला तर नवी बॅटरी समजू नका. काही मशीन तो आकडा कळवतच नाहीत.

त्यानंतर स्क्रिप्टने लोड पार्श्वभूमीत चालू करायचा आणि दर ३० सेकंदांनी एक ओळ लिहायची: युगारंभापासूनचे (१ जानेवारी १९७० पासून मोजलेले) सेकंद, 'एनर्जी-नाऊ', 'व्होल्टेज-नाऊ', 'पॉवर-नाऊ', टक्के, प्रोसेसरचं तापमान, सगळ्या कोअरची सरासरी वारंवारता, पूर्ण झालेले सेट. ३० सेकंद पुरे. बॅटरीचा नियंत्रक बऱ्याच मशीनमध्ये काही सेकंदांनीच आकडा बदलतो, त्यामुळे दर सेकंदाला विचारून तोच आकडा पुन्हा पुन्हा मिळतो.

सरासरी वॉट 'पॉवर-नाऊ'वरून काढू नका. तो त्या क्षणाचा आकडा, उड्या मारतो. 'एनर्जी-नाऊ'मधला फरक भागिले वेळ हे पक्कं. हा आकडा मायक्रोवॉट-तासात येतो आणि बहुतेकदा १०,०००च्या पायरीने बदलतो, म्हणजे १० मिलिवॉट-तास. १० मिनिटांत २५ वॉटने सव्वाचार वॉट-तासाच्या आसपास जातात, त्यात ही पायरी नगण्य आहे.

काही मशीनमध्ये 'एनर्जी' नसते, 'चार्ज-नाऊ' असतो, मायक्रोअँपिअर-तासात. तिथे दोन ओळींतल्या चार्जचा फरक गुणिले त्या दोन ओळींच्या व्होल्टेजची सरासरी, भागिले दहाचा बारावा घात, की वॉट-तास मिळतात. सगळ्या चाचणीला एकच व्होल्टेज लावला तर चूक होते, कारण तीन सेलच्या बॅटरीचा व्होल्टेज भरलेली असताना साडेबाराच्या पुढे असतो आणि संपताना नऊ-दहावर येतो.

लॉग जातो का? जातो, काळजी घेतली नाही तर. ओळ लिहिली म्हणजे ती एसएसडीवर पोहोचली असं नाही, ती आधी रॅममध्ये थांबते. प्रत्येक ओळीनंतर 'सिंक' कमांड द्या आणि तिला लॉग फाइलचं नाव द्या. नाव न देता दिली तर सगळ्या फाइल ढकलल्या जातात आणि कोलमॅपच्या कामात विनाकारण अडथळा येतो. लॉग 'टेम्प' फोल्डरमध्ये ठेवू नका. बऱ्याच लिनक्समध्ये तो रॅममध्येच असतो, मशीन बंद झालं की रिकामा.

खरं तर बंद पडू द्यायचंच नाही. ७ टक्क्यांवर स्क्रिप्टनेच लोड थांबवावा, शेवटची ओळ लिहावी आणि मशीन नीट बंद करावं. सिस्टीमची स्वतःची गंभीर-पातळीची कृती त्याच्या खाली राहील असं बघा, नाहीतर ती आधी उडी मारते. झाकण, निष्क्रियता आणि झोप यांना 'सिस्टमडी-इनहिबिट'ने (या नावात मात्र जोडरेषाच घाला) थोपवून त्याच्या आतच पूर्ण स्क्रिप्ट चालवा.

---

घणसोली_नोड

वागळे_बेंच यांच्याशी सहमत, पण रिफर्बिशमध्ये एक गोष्ट हमखास नडते. थिंकपॅड टी४८०सारख्या मशीनमध्ये बॅटऱ्या दोन असतात, एक आत, एक मागे काढता येणारी. स्क्रिप्ट फक्त 'बॅट०' वाचत असेल तर मागची संपेपर्यंत आतली जवळजवळ हलतच नाही, आणि लॉग बघून वाटतं की मशीन वीजच खात नाही. दोन्हींची बेरीज घ्या.

याच कारणाने 'स्टेटस' फाइलमध्ये डिस्चार्जिंग लिहिलंय का यावर चाचणीची अट ठेवू नका. जी बॅटरी त्या वेळी वापरात नाही तिचा स्टेटस वेगळा दिसतो आणि स्क्रिप्ट उगाच थांबते. त्याऐवजी त्याच फोल्डरमधल्या अडॅप्टरच्या 'ऑनलाइन' फाइलमध्ये शून्य आहे ना ते बघा. टाइप-सी पोर्टची नोंद तिथे वेगळी असते, तीही तपासा.

आणि बॅटरी बदललेली असेल, म्हणजे मूळ कंपनीची नसेल, तर आरोग्याच्या टक्क्यावर विसंबू नका. स्वस्त पॅकमध्ये डिझाइन आणि फुल दोन्ही एकच आकडा सांगणारे सापडतात. कितीही वापरा, १०० टक्के. तिथे खरं तेवढंच जे स्क्रिप्टने बाहेर काढून मोजलं. अशा मशीनवर आधी एकदा पूर्ण चार्ज, मग हलक्या कामात ७ टक्क्यांपर्यंत उतरवणं, पुन्हा पूर्ण चार्ज, तासभर विश्रांती आणि मगच चाचणी. विश्रांतीत आतल्या मोजणी-चिपला सेलचा स्थिर व्होल्टेज दिसतो आणि तिचा अंदाज सुधारतो.

---

पारसिक_डोंगर

विंडोजवाल्या सात मशीनसाठी.

पॉवरशेलमधून डब्ल्यूएमआयच्या (हार्डवेअरची माहिती देणारी विंडोजची सोय) 'रूट'खालच्या 'डब्ल्यूएमआय' या भागात 'बॅटरीस्टेटस' (एकच जोडशब्द) वर्ग आहे. त्यात उरलेली क्षमता मिलिवॉट-तासात, उपसा मिलिवॉटमध्ये, व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये आणि अडॅप्टर जोडलाय की नाही हे मिळतं. दर ३० सेकंदांनी तेच लिहा. ज्या 'विन३२-बॅटरी' वर्गाचं उदाहरण सगळीकडे सापडतं, त्यातून बहुतेकदा टक्के आणि अंदाजे मिनिटंच हाती लागतात, तुमच्या हिशोबाला ते पुरत नाहीत.

चाचणीआधी 'पॉवरसीएफजी' या विंडोजच्या कमांडने बॅटरीवरचे तीन टाइमआउट शून्य करा: स्क्रीन, स्टँडबाय आणि हायबरनेट. मग एनर्जी सेव्हर पूर्ण बंद. तो ठरावीक टक्क्याला आपोआप चालू होतो, ब्राइटनेस उतरवतो आणि मागची कामं आवरतो. लॉगमध्ये तिथून पुढे वॉट अचानक खाली गेलेले दिसतात आणि लोकांना वाटतं बॅटरी सावरली. पॉवर मोड बॅटरीसाठी वेगळा निवडावा लागतो, अडॅप्टर जोडून निवडलेला तिथे लागू होत नाही. निर्मात्याच्या ॲपमधला शांत किंवा जोरदार मोड तर फर्मवेअरमध्ये राहतो, विंडोज नव्याने टाकली तरी जात नाही. सातही मशीनवर तो एकसारखा करा. रिफर्बिश माल वेगवेगळ्या ऑफिसांतून आलेला असतो, प्रत्येकाची मांडणी वेगळी.

गंभीर पातळीवर विंडोज हायबरनेट करते. १६ जीबी रॅममधला मजकूर डिस्कवर लिहायला वेळ आणि वीज दोन्ही लागतात, थकलेली बॅटरी तेवढ्यात कोसळू शकते. म्हणून इथेही ७ टक्क्यांना स्क्रिप्टनेच बंद करा.

'पॉवरसीएफजी'चा बॅटरी रिपोर्ट चाचणीच्या आधी आणि नंतर काढून ठेवा. पुढे विक्रेत्याशी बोलताना तो कामाला येतो, कारण त्यात क्षमतेचा इतिहास असतो आणि तो तुमच्या स्क्रिप्टने लिहिलेला नसतो.

---

सेक्टर_नऊ_वाशी

सगळ्यांचे मनापासून आभार. नमुन्याच्या तीन मशीनवर चाचणी केली. दोन नीट, सेटमागे १५.१ आणि १५.८ वॉट-तास. तिसरं ३१ टक्के दाखवत असताना व्होल्टेज १०.९ वरून चार मिनिटांत ९.३ वर आला आणि मशीन बंद. आरोग्य ८४ टक्के दाखवतंय. चार्जर लावल्यावर २८ टक्के दिसले. हलकं काम दिलं तर तेच मशीन १० टक्क्यांपर्यंत जातं. बॅटरी खराब म्हणायची की स्क्रिप्टमध्ये चूक?

---

वागळे_बेंच

स्क्रिप्ट बरोबर आहे, बॅटरीचा एक सेल थकलाय. तीन सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्यातल्या सगळ्यात अशक्त सेलचा व्होल्टेज तीनच्या आसपास आला की संरक्षक सर्किट पूर्ण पॅक तोडतं, बाकी दोन सेलमध्ये चार्ज असला तरी. टक्के दाखवणारी चिप मुख्यतः आत-बाहेर गेलेला चार्ज मोजते, म्हणून ती ३१ सांगत राहिली.

हलक्या कामात हे लपतं, कारण व्होल्टेजची घसरण प्रवाहावर अवलंबून असते. ३५ वॉट, १०.९ व्होल्ट म्हणजे ३.२ अँपिअर. ८ वॉटच्या हलक्या कामाला पाऊण अँपिअरसुद्धा लागत नाही. सेलचा अंतर्गत रोध वाढला की जास्त प्रवाहाला घसरण तेवढ्याच पटीने वाढते. विक्रेत्याच्या व्हिडिओ चाचणीत म्हणूनच हे कधी सापडत नाही.

रोध मोजायचा असेल तर ५० टक्क्यांच्या आसपास दोन मिनिटं पूर्ण लोड, मग लोड थांबवा आणि आकडा बदलेपर्यंत थांबा. लोड असतानाचा आणि नसतानाचा व्होल्टेज यांतला फरक भागिले प्रवाहातला फरक. समजा ०.८ व्होल्टची उसळी आणि २.७ अँपिअरचा फरक, म्हणजे सुमारे ०.३ ओहम. या आकड्याला स्वतंत्र अर्थ फार लावू नका, त्याच मॉडेलच्या चांगल्या मशीनशी ताडून बघा. दुप्पट किंवा जास्त आला तर ती बॅटरी जड कामाची नाही. ही चाचणी पाच मिनिटांची आहे. १४ मशीन घेताना आधी हीच सगळ्यांवर करा, यात गळाली ती परत पाठवा आणि पूर्ण उतरवण्याची लांब चाचणी उरलेल्यांवरच करा.

---

कळवा_खाडीपूल

पूर्ण उतरवण्याच्या चाचण्यांबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. १४ मशीन, प्रत्येकी तीन-तीन फेऱ्या १०० ते ७ टक्के, ही आधीच म्हाताऱ्या झालेल्या बॅटऱ्यांवर ४२ खोल उतरणी झाली. सेटमागे वॉट-तास हा आकडा बॅटरीवर फारसा अवलंबून नसतो, तो मशीनचा गुण आहे. दोन पूर्ण सेट चालवले, म्हणजे साधारण तास-सव्वा तास, की तो मिळतो. तेवढ्यावर थांबा. खोल उतरण प्रत्येक मशीनला एकदाच, खालच्या टोकाला व्होल्टेज कसा वागतो ते बघण्यापुरती.

---

वागळे_बेंच

हे पटतं. तीन फेऱ्यांपेक्षा एक खोल आणि दोन छोट्या हा जास्त शहाणा क्रम आहे. फक्त छोटी फेरी १०० टक्क्यांवरून सुरू करू नका, ९० वर आल्यावर मोजणी सुरू करा. अगदी वरच्या टोकाला टक्के काही वेळ हलत नाहीत. शिवाय सुरुवातीला प्रोसेसर थंड असतो आणि काही सेकंद मर्यादेपेक्षा जास्त वीज ओढतो, तो भागही निघून जातो.

---

येऊर_पायथा

तापमानाचा मुद्दा अजून कोणी काढला नाही, आणि तुमच्या कामात तोच सगळ्यात मोठा आहे. चाचणी एसी लावलेल्या खोलीत २५ अंशांवर कराल आणि मशीन मे महिन्यात वाशीच्या गच्चीवर वापराल, तर आकडे जुळणार नाहीत. बाहेरची हवाच गरम असली की हीटसिंकला उष्णता टाकायला जागा कमी मिळते, फॅन सतत पूर्ण वेगाने फिरतो, गरम चिपमधून वीज जास्त झिरपते आणि प्रोसेसर लवकर आवरतं घेतो. काम मंदावतं, पण स्क्रीन, रॅम आणि फॅन यांची वीज तेवढा जास्त वेळ जात राहते. सेटमागचे वॉट-तास वाढतात ते इथे.

म्हणून १४ पैकी दोन मशीन निवडा आणि तीच चाचणी दुपारी, एसी-पंखा बंद ठेवलेल्या खोलीत, पूर्ण ब्राइटनेसवर करा. खोलीचं तापमान थर्मामीटरने लिहून ठेवा, हवामान ॲपवरून नको. दोन्ही चाचण्यांच्या गुणोत्तराने बाकी बाराचा अंदाज बांधता येईल. मशीन थेट उन्हात ठेवून चाचणी करू नका. काळं झाकण उन्हात हवेपेक्षा खूप जास्त तापतं, आणि प्रत्यक्ष कामातही त्यावर सावली हवीच. परांचीच्या कापडाचा एक तुकडा पुरतो.

पूर्ण ब्राइटनेस म्हणालो ते मुद्दाम. १४ इंची स्क्रीनवर मध्यम आणि पूर्ण यांत सहसा २ ते ४ वॉटचा फरक पडतो. चित्रानुसार उजेड बदलणारी सोय आणि प्रकाश-संवेदक दोन्ही बंद करा, नाहीतर दोन मशीनची तुलनाच होत नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे प्रोसेसरला मुद्दाम आवर घालणं. टर्बो (गरजेला प्रोसेसरचा वेग मूळ पातळीच्या वर नेणारी सोय) बंद केला तर सेटला वेळ जास्त लागतो, पण वरच्या वारंवारतेला व्होल्टेज वाढवावा लागत असल्यामुळे वाचणारी वीज त्याहून जास्त असू शकते. उबुंटूवर इंटेल-पीस्टेटच्या फोल्डरमधल्या 'नो-टर्बो'मध्ये १ लिहा. विंडोजवर प्रोसेसरची कमाल स्थिती १०० ऐवजी ९९ टक्के केली की बहुतेक मशीनमध्ये टर्बो बंद होतो. टर्बोसह एक फेरी, टर्बोशिवाय एक फेरी, आणि सेटमागे वॉट-तास ताडून बघा. फार खाली गेलात तर उलटं होतं, स्क्रीन आणि बाकी भाग खातात ते ८-९ वॉट लांबलेल्या वेळभर द्यावे लागतात. मधला बिंदू मॉडेलनुसार बदलतो, तो मोजूनच सापडतो. माझ्या मते तुमच्या टीमला नव्या बॅटरीपेक्षा हा बिंदू सापडण्याचा फायदा जास्त होईल, आणि त्याला खर्च काही नाही.

एक विनंती. ट्रॅकपॅड वर आलेला, झाकण नीट न मिटणारं किंवा तळ फुगीर असलेलं मशीन या चाचणीला लावूच नका. फुगलेल्या पॅकला जड उपसा देणं धोक्याचं आहे. तो चार्ज करू नका, टोचू नका, दाबून बसवू नका. काढलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलनाकडे द्या. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकलेली आहे.

---

सेक्टर_नऊ_वाशी

येऊर_पायथा, टर्बो बंद करून पाहिलं. सेट ३३ ऐवजी ४१ मिनिटांत, पण सरासरी १९.६ वॉट, म्हणजे सेटमागे १३.४ वॉट-तास. एका मशीनवर ४६ वॉट-तास मिळतात, तिथे आता तीन सेट आरामात बसतात. सेल थकलेलं तिसरं मशीन परत जातंय, विक्रेता लॉग बघून तयार झाला.

शेवटचा प्रश्न. मोठ्या इमारतीला पाच सेट लागतात. २०,००० मिलिअँपिअर-तासाची पॉवर बँक जोडली तर चालेल का, आणि तेही स्क्रिप्टने तपासता येईल का?

---

घणसोली_नोड

चालेल, पण बँकेवर लिहिलेली क्षमता आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरची असते. २०,००० म्हणजे ७४ वॉट-तास, आणि व्होल्टेज वर चढवताना होणारा तोटा धरून लॅपटॉपपर्यंत साधारण ६० पोहोचतात. तुमच्या १३.४ने भागलं तर चार सेट.

बँक टाइप-सीवर २० व्होल्ट देणारी आणि किमान ४५ वॉटची हवी. मोबाइलच्या जलद चार्जिंगची १८ किंवा २२.५ वॉटची बँक बहुतेक लॅपटॉप स्वीकारतच नाहीत. केबलही तेवढ्या वॉटची घ्या. आणि लॅपटॉपची बॅटरी उतरल्यावर बँक जोडू नका, सुरुवातीलाच, बॅटरी भरलेली असताना जोडा. तेव्हा बँकेची वीज थेट मशीन चालवते. नंतर जोडली तर आधी लॅपटॉपची बॅटरी भरते, मग तिच्यातून पुन्हा बाहेर येते, आणि दोन्ही वेळा थोडी थोडी गळते. शिवाय गच्चीवर तापलेला पॅक ४५ अंशांच्या आसपास चार्ज घेणं थांबवतो, म्हणजे ऐन दुपारी बँक जोडली तरी उतरलेली बॅटरी भरणार नाही.

स्क्रिप्टमध्ये टाइप-सीच्या 'ऑनलाइन' फाइलचा रकाना वाढवा आणि अडॅप्टर नसल्याची अट या चाचणीपुरती काढा. ऑनलाइन १ असतानाही 'एनर्जी-नाऊ' कमी होत असेल तर बँक पुरी पडत नाहीये आणि उरलेली वीज बॅटरी भरून काढतेय. तेवढं चालेल. पण ऑनलाइन दर मिनिटाला १ आणि ० असं फडफडत असेल तर बँक लोड झेपत नाही म्हणून स्वतःला तोडतेय. मग एक तर टर्बो बंद ठेवून पुन्हा मोजा, नाहीतर ६५ वॉटची घ्या.